थोरला हात आधी

इस्त्री करताना वास आला तेव्हा त्याला आधी आठवलं ते वासरू. शिंगांचे कोंब डागताना सुटतो तोच वास, केसांचा आणि केसांखालच्या कातडीचा. पशुवैद्यक कॉलेजच्या गोठ्यात तो सुटला की पहिल्या वर्षाची मुलं नाकाशी रुमाल धरायची आणि हा मुद्दाम त्यांच्याच शेजारी जाऊन उभा राहायचा. पण आत्ता तो गोठ्यात नव्हता. चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरात, खिडकीशी, सकाळी सव्वासातला तो आपला पांढरा एप्रन इस्त्री करत होता, आणि या इमारतीत वासरू असण्याची काहीच शक्यता नव्हती. शेजारच्यांचं काहीतरी करपलं असेल असं म्हणून त्याने कॉलरवरून इस्त्री फिरवली आणि सहज खाली पाहिलं. डाव्या हाताची दोन बोटं, मधलं आणि त्याच्या शेजारचं, इस्त्रीच्या तापलेल्या कडेला टेकलेली होती. कधीची टेकली होती कोण जाणे. त्याने ती झटकन ओढली नाहीत. झटकन ओढायला आधी काहीतरी कळावं लागतं. कुणा पाहुण्याची विसरलेली वस्तू उचलावी तशी त्याने ती उचलली आणि डोळ्यांजवळ नेली. टोकांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. तो बघत राहिला. त्याला भीती वाटली, आणि साठीला आलेल्या माणसाला इस्त्रीची भीती वाटावी याचा रागही आला.

"कसला वास येतोय?" म्हणत बायको बाहेर आली. जन्मभर शाळेत मुलांना वळण लावलेली बाई. तिने काही न विचारता त्याला मनगटाला धरून नळाखाली नेलं. "दुखतंय का?" तिने विचारलं. "दुखतंय ना," तो म्हणाला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात तो तिच्याशी जे काही खोटं बोलला होता ते बहुतेक 'कुठे काय दुखतंय' याच जातीचं होतं. दुखत नसताना दुखतंय म्हणण्याची ही पहिलीच वेळ. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "गेले आठ महिने तुमच्या उजव्या बाहीचं बटण मी लावते. विचारलं का कधी?" "मग आता कशाला विचारतेस?" "विचारत नाहीये. मला माहीत आहे एवढंच सांगतेय. कुणाला तरी दाखवून या. पोरगी फोनवर सांगून सांगून दमली." तो म्हणाला, "आज नाही जमायचं. अकराला गाडी येते." "कसली गाडी?" "गाई न्यायला." त्या गाई जाणार होत्या त्या याच हाताच्या शब्दावर.

गाय गाभण आहे की रिकामी हे हात घालून सांगणं हे त्याचं शास्त्र. हे ऐकलं की लोक आधी हसतात, मग जरा सरकून बसतात. खांद्यापर्यंत हातमोजा चढवायचा, गुदाशयातून हात आत न्यायचा आणि आतड्याच्या भिंतीआडून खालचं गर्भाशय चाचपायचं. उजवा लिहायला मोकळा राहावा म्हणून डावा आत. दिसत काहीच नाही. जे आहे ते बोटांच्या टोकांना कळायचं, आणि त्याच्या बोटांना ते असं कळायचं की मुलांनी त्याचं नावच 'डावा' पाडलं होतं. पस्तिसाव्या दिवशी गर्भाशयाची भिंत चिमटीत हलकेच धरली तर आतला पडदा आधी निसटतो आणि मग भिंत निसटते. त्या एका निसटण्यावर त्याने प्रबंध लिहिला, नोकरी मिळवली, घर बांधलं नाही पण घेतलं, आणि पुढची चोवीस वर्षं एक पुस्तक लिहीत राहिला जे अजून पुरं झालेलं नव्हतं. हाताला काय कळतं ते शब्दांत मांडायचं, एवढंच त्या पुस्तकाचं काम. नियतकालिकांकडे प्रकरणं पाठवली की परत येत: विधानाला आकडे द्या, दाब मोजला का, किती निरीक्षकांनी तपासलं. निसटण्याला आकडा कुठून आणायचा? त्याच्या बरोबरीचे लोक दरम्यान रक्ताच्या चाचण्या, पडद्यावरची चित्रं, असलं काय काय करून परिषदांना जाऊन आले आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले फोटो पाठवत राहिले. विभागासाठी पडद्यावर गर्भ दाखवणारं यंत्र घ्यावं अशी फाइल त्याच्याकडे तीनदा आली आणि तीनदा त्याने तिच्यावर 'आवश्यकता नाही' असं लिहिलं. डोळसाला काठी कशाला, असं तो तेव्हा बैठकीतही बोलला होता आणि लोक हसले होते. हसले म्हणजे पटलं असं त्याने धरलं. शेवटी जिल्हाभराच्या दवाखान्यांत यंत्रं आली आणि त्याच्या विभागात, जिथे हे सगळं शिकवायचं तिथेच, एक हात होता. चार महिन्यांनी निवृत्ती होती. चार महिने ओढून नेता येतील असं त्याला कालपर्यंत वाटत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण आत काहीच नाही हे ज्याला माहीत आहे त्याने ती किती दिवस झाकायची?

बसमध्ये त्याला बसायला जागा मिळाली. रुमालात गुंडाळलेला हात त्याने मांडीवर ठेवला आणि रुमालाच्या आत अंगठा त्या दोन बोटांवरून फिरवून पाहिला. अंगठ्याला थोडं कळत होतं. बोटांना अंगठा कळत नव्हता. खांदा तर दहा वर्षांपूर्वीच गेला होता. हात आत असताना एक म्हैस मटकन खाली बसली आणि खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. तेव्हापासून मुंग्या येत. मुंग्या येतात तोवर बरं, असं तो स्वतःला सांगत असे. मुंग्या कधी थांबल्या ते मात्र लक्षात आलं नाही, आणि थांबल्या म्हणून तो मनातल्या मनात खूशही झाला असावा. आता बसच्या खिडकीतून दुकानांची अर्धी उघडलेली शटरं सरकत होती आणि तो गेला गुरुवार पुन्हा चाचपत होता. विद्यापीठाच्या कळपातल्या अकरा गाई. वर्षभर रिकाम्या राहिलेल्या गाई पोसायच्या नाहीत, त्या कत्तलखान्याला द्यायच्या, असा नियम; या राज्यात गोवधबंदी नव्हती. आणि रिकामी कोण हे तो सांगणार. एकेक गाय तपासून त्याने नंबर म्हटले, त्याच्या मदतनीस मुलीने लिहून घेतले, खाली त्याने सही केली.

ही मदतनीस म्हणजे टाचणी, तात्पुरत्या नोकरीतली, तिशीच्या आतली, काटक. जनावराच्या मागच्या पायांत जाण आहे की नाही हे बघायला ती एप्रनच्या कॉलरला कायम एक टाचणी खोचून ठेवायची, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं. तीन वर्षं तात्पुरती होती. तिला कायम करायची शिफारस त्याच्या टेबलावर पडून होती, लिहिलेली, सहीविना. सही राहून गेली होती एवढंच. गुरुवारी प्रत्येक गाईत त्याच्यानंतर तिने हात घातला आणि प्रत्येक वेळी 'हो सर' म्हणाली. पण दोनशे चौदा नंबरच्या गाईपाशी तिचा हात जरा जास्त वेळ आत राहिला होता. हे त्याने तेव्हा पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि घड्याळाकडे बघून 'काय बाई, मुक्काम करणार का?' असं विचारलं होतं. मुलं हसली. तिने हात काढला आणि म्हणाली, "हो सर. रिकामी."

इथे त्याला ती काळी गाय आठवायला नको होती, पण ती आलीच. एकतीस वर्षांपूर्वीची, एक कान फाटलेली. तेव्हा तोच तात्पुरता होता आणि विभागावर थोरले सर होते. 'थोरला हात आधी' ही शिस्त त्यांची: वरिष्ठाने आधी तपासायचं, मोठ्याने निदान सांगायचं, मग धाकट्यांनी एकेक करून हात घालून ते शिकायचं. म्हणजे काय शोधायचं ते आधीच माहीत असतं आणि जनावराला उगाच त्रास होत नाही, असं ते म्हणत. थोरल्या सरांनी त्या काळ्या गाईत हात घातला आणि म्हणाले, रिकामी. मग त्याने घातला. समोर, हाताच्या टप्प्यात, खरंच काही नव्हतं. पण चार-साडेचार महिन्यांचं गर्भाशय जड होऊन खाली पोटात उतरतं, हाताला सापडत नाही. नवखा तिथेच फसतो. तेव्हा बाजूची धमनी शोधायची. त्याने शोधली, आणि ती थरथरत होती. नळाला पाणी यायच्या आधी नळी थरथरते तशी, बारीक, न थांबता. शंकेला जागाच नव्हती. त्याने थोरल्या सरांकडे पाहिलं. ते रुमालाने चष्मा पुसत होते. सरांना हे कळलं नसेल असं कसं होईल, असं त्याच्या मनात आलं. मग, आपली परीक्षा तर घेत नसतील, असं आलं. मग मनात आपली तात्पुरती नोकरी आली. "रिकामी, सर," तो म्हणाला. आठ दिवसांनी मुलांना दाखवायला म्हणून कत्तलखान्यातून आणलेल्या अवयवांत तिचं गर्भाशय आलं. टेबलावर कापलं. मांजराएवढं वासरू, अंगाला केस न फुटलेलं, खुरं पिवळी आणि साबणासारखी मऊ. थोरले सर "हं" म्हणाले. मग ते बेसिनपाशी गेले आणि हात धुवत राहिले. वाफा निघणाऱ्या गरम पाण्याखाली ते डावा हात धरून उभे होते, आरशासमोर, बराच वेळ, आणि दुपारच्या तासाबद्दल काहीतरी सांगत होते. महिन्याभरात याच्या कायम नोकरीची ऑर्डर आली. पुढे कितीतरी वर्षं मित्रांत बसला की तो ही गोष्ट रंगवून सांगायचा: सरांचा ताठा एवढा की उकळतं पाणीसुद्धा त्यांना चटका द्यायला घाबरायचं. सगळे हसायचे. बसमध्ये त्याने रुमाल सोडला आणि टरारून आलेले दोन फोड पाहिले. सरांना चटका कळतच नव्हता. एवढी साधी गोष्ट कळायला एकतीस वर्षं आणि एक इस्त्री लागावी याची त्याला इतकी चीड आली की शेजारी बसलेल्या बाईंनी पिशवी जवळ ओढून घेतली.

तो पोचला तेव्हा गाडी आधीच येऊन उभी होती. गोठ्यातल्या मामांनी अकरा गाई कठड्यात एका ओळीत घेतल्या होत्या, आणि शेवटच्या वर्षाची सहा मुलं प्रात्यक्षिकासाठी वह्या घेऊन उभी होती. टाचणी यादी हातात धरून होती. दोनशे चौदा तिसरी होती. तांबूस, शांत, रवंथ करणारी. तिच्या पोटाकडे बघून काही कळतं का ते त्याने पाहिलं. पोट पाहून सांगणाऱ्यांची त्याने आयुष्यभर टर उडवली होती. "मामा, गाडी जरा थांबवा," तो म्हणाला. "थांबते, पण ड्रायव्हर कुरकुरतोय, सर," मामा म्हणाले. "कुरकुरू दे. आज उलटं करायचं. आधी ही हात घालेल, मग मी." टाचणीने एकदा यादीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग मोजा चढवून तिने दोनशे चौदामध्ये हात घातला. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. एकतीस वर्षांपूर्वी आपला चेहरा कुणी असा पाहिला असता तर काय दिसलं असतं ते आता दिसत होतं: नजर एका जागी थांबलेली, ओठ किंचित उघडे, कान देऊन ऐकणाऱ्या माणसासारखी मान. हात बराच वेळ आत राहिला. या वेळी त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही.

"रिकामी, सर," ती म्हणाली.

"नीट पाहिलंस?"

"हो सर. तुम्ही गुरुवारी म्हणालात तशीच."

"मी म्हणालो ते सोड. तुझ्या हाताला काय लागलं?"

"तेच, सर."

त्याने मोजा चढवला. डावा हात आत गेला; आत गेला हे त्याला खांद्याच्या ओढीवरून कळलं. पुढे नुसता अंधार. त्याने धमनी जिथे असायला हवी तिथे बोटं नेली, म्हणजे ती तिथे गेली असावीत, आणि दाबली, म्हणजे दाबली गेली असावीत. गाईने शेपटी हलवली. चाळीस वर्षं ज्या खोलीत तो डोळे मिटून वावरला होता तिथलं सगळं सामान कुणीतरी उचलून नेलं होतं. "हाताला काही लागलं नाही म्हणजे आत काही नाही असं नव्हे," हे वाक्य तो दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहून द्यायचा. त्याने हात काढला. "मला काही सांगता येत नाही," तो म्हणाला, आणि आवाज चढवून पुन्हा म्हणाला, "ऐका सगळ्यांनी. माझ्या बोटांची जाण गेली आहे. मला आता तपासता येत नाही."

मुलं एकमेकांकडे पाहून गालातल्या गालात हसली. डाव्याचे सापळे त्यांना माहीत होते. मागच्या तुकडीला त्याने बैलाच्या मागे उभं करून किती महिने झाले असं विचारलं होतं. पहिल्या बाकावरच्या चेहऱ्याचा एक जण वही उघडून म्हणाला, "सर, हे लेखीला की तोंडीला?" त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यात एकदाच, चारचौघांत, खरं बोलायला तोंड उघडावं आणि लोकांनी ते टिपून घ्यावं. "टाचणी काढ," तो तिला म्हणाला. तिने नुसतंच पाहिलं. हे नाव तो तिच्यासमोर कधी घेत नसे, आणि क्षणभर तिला काय काढायचं ते कळलं नसावं. "कॉलरची. जनावराची जाण कशी बघतेस? तशी माझी बघ." "सर, काहीतरीच काय." "बघ म्हणतो ना. मी तिकडे तोंड करतो." त्याने मोजा उतरवला, डावा हात मागे तिच्याकडे लांबवला आणि भिंतीकडे वळला. भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता, गेल्या वर्षीचा. तो महिने वाचत राहिला. मागे कुणी हसत नव्हतं. एका गाईने खाली शेण टाकल्याचा आवाज आला, बाहेर ड्रायव्हरने गाडीचं दार आपटलं. तक्ता वाचून संपला. या मुलीला एवढंसं धाडस होत नाही, हिला कायम करून काय करायचं, असं त्याच्या मनात आलं.

"टोच ना," तो म्हणाला.

"टोचली, सर," ती म्हणाली.

तो वळला. तीन बोटांवर रक्ताचे पाच-सहा ठिपके होते आणि एक ठिपका ओघळून तळहाताकडे निघाला होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वही उघडलेल्या मुलाने ती मिटली. मामा खाली बघत होते. ती पुन्हा दोनशे चौदाकडे गेली, हात घातला, आणि गाईच्या पाठीकडे बघत बोलू लागली. "साडेचार महिने. खाली उतरलंय. डाव्या बाजूची धमनी थरथरतेय. चांगली थरथरतेय, सर."

"गुरुवारी?"

"गुरुवारीही."

"मग बोलली का नाहीस?" हे विचारायचा अधिकार जगात ज्याला सगळ्यात कमी होता तो माणूस विचारत होता, आणि हे त्याला विचारतानाच कळत होतं.

"तुम्ही आधी बोलला होतात, सर."

तिने यादी पुढे केली. नुसती दोनशे चौदा नव्हती. दोनशे तीसही होती, आणि शेवटची कपाळावर चट्टा असलेलीही. तिने तिन्ही नंबरांपुढे पेन्सिलीने बारीक टिंबं करून ठेवली होती, गुरुवारीच. सहीच्या कागदावर, कुणाच्या लक्षात येणार नाहीत अशी. बाकीच्या आठ खरंच रिकाम्या आहेत, ती म्हणाली. त्याने उजव्या हाताने तीन नंबर खोडले आणि खाली सही केली. मग आपल्या टेबलावरून तिच्या शिफारशीचा कागद आणवून त्यावरही केली. ती थँक यू म्हणाली नाही, आणि ते बरं झालं. मामांनी तीन गाई कठड्यातून बाजूला काढल्या. दोनशे चौदा जाता जाता थांबली आणि कुणाच्या तरी वहीला तोंड लावू लागली. "आठच का, साहेब?" ड्रायव्हरने दारातून विचारलं. "आठच," तो म्हणाला.

गाडी भरेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. टाचणी नळावर हात धूत होती. तो तिच्याजवळ गेला. बसमधून उतरल्यापासून जो प्रश्न तो टाळत होता तो आता टाळून भागणार नव्हतं. आठ महिने बायको त्याचं बटण लावत होती, आणि मधे मार्चमध्येही एक गाडी भरून गेली होती.

"मार्चच्या यादीत किती होत्या?" त्याने विचारलं. "तुझ्या हाताला लागलेल्या."

तिने नळ बंद केला. "मार्चमध्ये तुम्ही मला हात घालू दिला नव्हता, सर. घाई होती म्हणालात. नवाच्या नऊ तुम्ही एकट्यानेच तपासल्या."

मग त्याने गरम पाण्याचा नळ सोडला, त्याखाली आधी उजवा हात, त्याला तरी कळतं का म्हणून, धरून पाहिला, आणि तो भाजल्यावर मागे घेतला.